राजापूरचे खासदार : महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा सदस्यांना खुले पत्र

माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. कोणत्याही पक्षाची सभासद नाही, कधी नव्हते. मतदान मात्र एकदाही चुकवलेलं नाही. आपण ४८ जण वेगवेगळ्या पक्षांचे आहात आणि दिल्लीत वेगवेगळ्या बाकांवर बसता. तरीही सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण मला सांगायचं आहे ते बाकाविषयीच आहे.

आमचा लोकसभा मतदारसंघ पूर्वी ‘राजापूर’ या नावाचा होता. २००८ च्या फेररचनेत ते नाव गेलं, आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणतात. या राजापूरने १९५७ पासून तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै यांना लोकसभेत पाठवलं. ते वेंगुर्ल्याचे, आमच्याच मातीतले. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात त्यांचं निधन झालं तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. मी लहान होते. पडवीत माणसं न बोलता बसून होती आणि त्या दिवशी घरात चूल उशिरा पेटली, एवढं आठवतं. दोनच महिन्यांत निवडणूक आली. प्रजा समाजवादी पक्षाने मुंबईतल्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाला उभं केलं. माणूस जन्माने अहमदनगरचा, राहणारा मुंबईचा. निशाणी झोपडी. आईने त्या झोपडीवर शिक्का मारला.

ते प्राध्यापक मधु दंडवते. १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग पाच निवडणुका त्यांनी राजापुरातून जिंकल्या. यातल्या दोन निवडणुका कोणत्या वाऱ्यात झाल्या ते आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने घेतल्या होत्या, १९८४ मध्ये ४८ पैकी ४३. दोन्ही वेळा राजापूरने आपला माणूस सोडला नाही.

या वीस वर्षांतला सत्तेचा काळ किती? मार्च १९७७ ते जुलै १९७९ रेल्वेमंत्री, डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० अर्थमंत्री. बेरीज जेमतेम सव्वातीन वर्षं. बाकी सगळी वर्षं हा माणूस समोरच्या बाकावर बसला. हातात फाईल नाही, सही नाही, बदल्या नाहीत, ठेके नाहीत. प्रश्न विचारण्याचा हक्क तेवढा होता, आणि तो त्यांनी वापरला.

आमच्या घरात यावरून भांडणं व्हायची. वडील परळच्या गिरणीत होते, मे महिन्यात आणि चतुर्थीला गावी यायचे. काका गावातच शेती करायचे. काका म्हणायचे, “मंत्री झालो तरी रेल्वे खंय हाडल्यान?” म्हणजे मंत्री झाला, पण रेल्वे कुठे आणली? वडिलांचं उत्तर ठरलेलं असे, “आमचो माणूस थंय उभो रवान बोलता, ता काय कमी आसा?” लहानपणी मला काकांचं पटायचं. रेल्वे दिसत नव्हती, हे खरंच होतं. मुंबईहून येणारी एसटी कशेडीचा घाट उतरेपर्यंत निम्मी गाडी ओकून बेजार झालेली असायची. त्याआधीची पिढी बोटीने यायची. रेल्वे ही आमच्याकडे भाषणात येणारी गोष्ट होती.

वडिलांचं म्हणणं समजायला मला माझी चाळिशी यावी लागली. ते कसं समजलं, तेच आपल्याला सांगते.

रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांसमोर पहिला सोपा मार्ग होता तो आपल्या मतदारसंघाचा. त्यांनी कोकणासाठी काही केलंच नाही असं नाही. पश्चिम किनाऱ्याच्या मार्गातल्या आपटा ते रोहा या पहिल्या टप्प्याला त्यांच्याच काळात मंजुरी मिळाली. पण तो टप्पा रायगडात होता, राजापूरपासून कितीतरी दूर. स्वतःच्या मतदारांना दाखवता येईल असं त्यात काही नव्हतं. प्रत्यक्ष रोह्याला गाडी यायला १९८६ साल उजाडलं.

त्यांनी अधिक मन लावून जे केलं ते देशभरच्या दुसऱ्या वर्गासाठी. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला होता, पण तो नावापुरता. डबे तेच, पाटी बदललेली. रात्रभराच्या प्रवासाला उघड्या लाकडी फळ्या. ज्यांनी त्या फळीवर रात्र काढली आहे त्यांना मी काय सांगते आहे ते कळेल. कूस बदलली की हाड लाकडावर आपटायचं. म्हणून तर प्रत्येक घरात वळकटी असायची, ती खांद्यावर मारल्याशिवाय कोणी लांबच्या प्रवासाला निघत नसे. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाची सोय काढून घ्यायची नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं, अशी त्यांची भूमिका होती. १९७७ च्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तीही वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. जिचं नाव रवींद्रनाथांच्या कवितासंग्रहावरून ठेवलं, त्या गाडीत सगळे प्रवासी एकाच वर्गाचे.

१९७९ च्या मे महिन्यात आम्ही नागपूरला मावशीकडे गेलो होतो. डब्यात शिरल्यावर आई बसलीच नाही. तिने आधी तळहाताने ती गादी दाबून पाहिली, मग दुसऱ्या टोकाला दाबून पाहिली, आणि वडिलांना विचारलं, “ही आपलीच जागा ना? तिकीट बघा परत.” गादी म्हणजे पैसेवाल्यांची, अशी तिची समजूत होती. वडिलांनी तिकीट काढून दाखवलं. ते तेव्हा काय म्हणाले ते आठवत नाही, पण त्यांचा चेहरा आठवतो.

माननीय सदस्यहो, त्या दोन इंचांसाठी कोणी मोर्चा काढला नव्हता. त्या फोमवर झोपलेल्या बिहारच्या, बंगालच्या, मद्रासच्या माणसाचं एकही मत राजापुरात पडणार नव्हतं. तरीही ते झालं. आज लांबच्या गाडीत स्लीपरची गादी सगळे गृहीत धरतात, आणि ती कोणी बसवली हे माझ्या विद्यार्थ्यांपैकी शंभरात एकाला माहीत नसेल.

त्याच काळात त्यांनी आणखी एक काम केलं. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला होता. तो चिरडला गेला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ नंतर त्या कामगारांना परत कामावर घेण्यात आलं. घरात बसलेला कमावता माणूस पुन्हा ड्यूटीवर जातो तेव्हा त्या घरात काय होतं, हे गिरणगावातल्या कोणालाही विचारा.

आता आणीबाणीचं सांगते, कारण त्यात आपल्यासाठी एक विलक्षण गोष्ट आहे. २६ जून १९७५ ला दंडवते बंगळूरमध्ये होते. संसदीय समितीच्या बैठकीला गेले होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र हेही तिथेच होते, आणि सगळ्यांना तिथेच अटक झाली. ती समिती कोणत्या विधेयकावर काम करत होती? पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकावर! पुढे पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये झाला. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पक्ष फुटताना पाहिले, चिन्हं इकडची तिकडे जाताना पाहिली, कोणाचा कोणता पक्ष याचा वाद निवडणूक आयोगात आणि कोर्टात जाताना पाहिला. मी कोणाकडे बोट दाखवत नाही. पण ज्या कायद्याच्या बैठकीला गेलेली माणसं तुरुंगात गेली, त्या कायद्याची आज काय दशा आहे हे आपण सगळे जाणता. आपणच तो दुरुस्त करू शकता, आम्ही नाही.

आमच्या राजापूरच्या मतदारांनीही वेगवेगळ्या निशाण्यांवर शिक्के मारले. आधी झोपडी, मग नांगरधारी शेतकरी, मग चक्र. समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला, पुढे जनता दल आलं. निशाणी बदलली तरी माणूस बदलला नाही. जिथे सत्ता होती त्या बाजूला तो सरकला नाही, म्हणून आईला नवी निशाणी समजावून सांगताना वडिलांना कधी खाली बघावं लागलं नाही.

दंडवते बंगळूरच्या तुरुंगात असताना त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या. दोघांचा संसार त्या काळात पत्रांवर चालला. प्रमिलाताईंविषयी वेगळं पत्र लिहायला हवं, इतकं त्यांचं काम मोठं आहे. महिला दक्षता समिती त्यांनी १९७६ मध्ये उभी केली, आणि १९८० ते ८४ त्या मुंबई उत्तर-मध्यमधून लोकसभेत होत्या. नवरा-बायको एकाच सभागृहात, दोघंही विरोधी बाकावर. हुंड्याच्या प्रश्नावर त्यांनी लावून धरलेलं काम माझ्या पिढीच्या मुलींपर्यंत पोचलं. लग्नाच्या बोलणीत मी स्वतः तोंड उघडलं, तेव्हा मला बळ कुठून आलं असं कोणी विचारलं तर मी त्यांचं नाव घेईन.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. रेल्वे खंय हाडल्यान?

नाथ पै यांनी लोकसभेत मांडलेली कोकण रेल्वेची मागणी दंडवत्यांनी खाली ठेवली नाही. पैसे नाहीत, डोंगर फार, नद्या फार, उत्पन्न नाही, ही उत्तरं दिल्लीकडून वर्षानुवर्षं येत राहिली. १९८९ च्या शेवटी व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री झाले. दोघंही समाजवादी, दोघांनाही हा किनारा तळहातासारखा माहीत. रेल्वेच्या नेहमीच्या खर्चातून हा मार्ग कधीच होणार नाही हे ओळखून वेगळं महामंडळ काढण्याचा मार्ग निघाला. भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि त्याची धुरा अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे आली. चार महिन्यांत सरकार पडलं. काम मात्र थांबलं नाही, कारण त्याची बांधणीच अशी केली होती की मंत्री गेला म्हणून ते बंद पडू नये. हे मला फार मोठं वाटतं. सव्वातीन वर्षांच्या सत्तेतल्या शेवटच्या अकरा महिन्यांत त्यांनी ते केलं, आणि ते करता आलं ते आधीची सोळा-सतरा वर्षं विरोधी बाकावर उभं राहून त्या विषयाचा कोपरान् कोपरा पाठ केलेला होता म्हणून. अभ्यास आधी झाला होता, संधी नंतर आली.

त्याच ११ महिन्यांत सोन्यावरच्या नियंत्रणाचा १९६८ चा कायदा गेला आणि शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची कर्जं माफ झाली. कर्जमाफीविषयी अर्थशास्त्रातली मंडळी आजही वाद घालतात, त्यात मी पडत नाही.

आणि १९९१ मध्ये आम्ही त्यांना पाडलं.

हे लिहिताना हात जड होतो. काकांनी विरोधात मत दिलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. रुळांचं काम तेव्हा सुरू झालेलं होतं. मतदाराला हवं ते दिसेपर्यंत तो थांबत नाही, हे त्यात दिसलं. पण त्या पराभवानंतर दंडवत्यांनी आम्हाला दोष दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. पुढे १९९६ ते ९८ ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास, नव्वदवर बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल. त्या दिवशी ते आमचे खासदार नव्हते. काका पहिल्याच महिन्यात कुडाळ स्टेशनावर जाऊन गाडी बघून आले. घरी येऊन पडवीत बसले, पान लावलं, आणि वडिलांना म्हणाले, “हाडल्यान रे.” वडील काही बोलले नाहीत. त्या दिवशी मला वडिलांचं म्हणणं समजलं.

१२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत दंडवते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला. त्यामुळे फुलं वाहायला समाधी नाही. मला ते बरोबर वाटतं.

आता माझं मागणं. आपण दंडवत्यांच्या जयंतीला हार घालावा किंवा पुतळा उभारावा असं मी म्हणत नाही. त्यांनी जे अर्धवट सोडलं ते हातात घ्या, एवढंच मागते.

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये संमती दिली. विलीनीकरणाने दुहेरी मार्गासाठी पैसा मिळेल असं सांगितलं जातं, आणि ते व्हायलाच हवं. आज रोहा ते वीर एवढाच तुकडा दुहेरी आहे, पुढे एका गाडीला वाट देण्यासाठी दुसरी तासन् तास थांबते. पण या मार्गावर भाडं आकारताना प्रत्यक्ष अंतरापेक्षा जास्त अंतर धरलं जातं. मार्ग खर्चिक होता म्हणून आम्ही ते इतकी वर्षं मुकाट्याने भरलं. विलीनीकरणानंतर ते जाणार की राहणार? स्टेशनांसाठी जमिनी दिलेल्या घरांतल्या मुलांना नोकऱ्यांची जी आशा दाखवली गेली होती, तिचं काय होणार? हे सभागृहात विचारा आणि उत्तर नोंदीवर आणा. कागदावरचं उत्तर वीस वर्षांनीही कामाला येतं.

दुसरं, दुसऱ्या वर्गाचं. गेल्या काही वर्षांत अनेक लांबच्या गाड्यांतले स्लीपरचे डबे कमी होऊन वातानुकूलित डबे वाढले. काही गाड्यांना जनरलचे डबे पुन्हा जोडले, हेही खरं. पण चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात जनरलच्या दारात एका पायावर उभं राहून येणारी माणसं मी दर वर्षी बघते. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरला जायची. कोरोनानंतर ती ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनातच थांबते. तांदळाचं पोतं, फणस, आंब्याची पेटी आणि कडेवर मूल घेतलेली बाई दिव्याला उतरते, पूल चढते आणि भरलेल्या लोकलमध्ये शिरायला धडपडते. हा प्रश्न फार मोठा नाही, मला माहीत आहे. दोन इंच फोमही फार मोठा नव्हता.

रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाला. पूर्वी त्या दिवशी देशभर रेल्वेवर बोललं जायचं. आता रेल्वेच्या मागण्यांवरची चर्चा हीच आपली जागा उरली आहे. त्या चर्चेला ४८ पैकी किती जण शेवटपर्यंत बसतात, हे आम्ही इथे दूरदर्शनवर बघतो. आपल्यातले जे सत्तेच्या बाजूला आहेत त्यांना मंत्र्याच्या दालनात जाता येतं, त्यांनी जावं. जे समोरच्या बाजूला आहेत त्यांनी ‘आम्ही विरोधात, आमचं कोण ऐकणार’ असं आम्हाला येऊन सांगू नये, ही हात जोडून विनंती. राजापूरच्या माणसांना हे सांगून पटणार नाही. आम्ही सतरा वर्षं विरोधी बाकावरचा खासदार पाहिला आहे.

आपल्यापैकी कोणी या चतुर्थीला कोकणात येणार असेल तर दुसऱ्या वर्गाने या. येताना एकटे या, मागेपुढे गाड्यांचा ताफा नको. कुडाळ स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला शाळेच्या बाईंचं घर विचारलं तर तो सोडेल. उकडीचे मोदक आणि काळ्या वाटाण्याचं सांबार असेल. काका आता नाहीत, वडीलही नाहीत, पण पडवी तीच आहे. तिथे बसून प्रवास कसा झाला ते सांगा.

आपली नम्र,
राजापूर मतदारसंघातली एक जुनी मतदार